गरम कुंडातून बाहेर पडताना

मार्गशीर्ष लागला, शेतात हुरड्याचे दिवस आले, येळवस तोंडावर आली. आपल्या बालाघाटावर या दिवसांत पहाटे असा वारा सुटतो की अंगणातल्या न्हाणीत जायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो. आज मला बोलायचंय ते थंडीतल्या, उघड्यावरच्या गरम पाण्याच्या आंघोळीबद्दल. आंघोळीत काय सांगण्यासारखं, असं मलाही वाटायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात जे घडलं त्यानंतर वाटेनासं झालं.

आमच्या गटातल्या चौदाजणी क्रूझर करून माहूरला गेलो होतो. दत्तजयंतीची गर्दी टाळायची म्हणून आठ दिवस आधीच निघालो. रेणुकामातेचं दर्शन झालं, आणि परतताना किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला जायचं ठरलं. नांदेड जिल्ह्यातलं हे गरम पाण्याचं ठिकाण आपल्या मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. पैनगंगेच्या काठी महादेवाचं जुनं मंदिर, आणि तिथे जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा सांगतात. नावातच ‘ऊन’ आहे बघा. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी. जळगावकडचं उनपदेव, दापोलीजवळचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, राजापूरजवळचं उन्हाळे, सगळ्या नावांत ते ऊन आहेच. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. जसजसं खाली जावं तसतशी जमीन गरम, दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं, तोच आपला झरा.

आम्ही पोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. तोंडातून वाफ निघत होती, आणि कुंडातूनही. साडीवरच पाण्यात उतरलो. रात्रभर जीपमध्ये आखडलेलं अंग त्या पाण्यात असं मोकळं झालं की कुणी उठायलाच तयार नाही. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, वय पासष्टच्या पुढे, बीपीची गोळी चालू, आणि त्या दिवशी गुरुवारचा उपवास. चांगला अर्धा तास बसल्या. मी दोनदा म्हटलं, “आत्या, चला आता.” त्या म्हणाल्या, “बस की गं जरा. गुडघे मोकळे व्हायलेत.”

मग त्या एकदम उठल्या आणि पायऱ्या चढून वर आल्या. दोन पावलं टाकली, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, “डोळ्यापुढं अंधार यायलाय.” तिथेच पायरीवर बसल्या. वारा सुटलेला, अंगावर ओलीचिंब नऊवारी. पाच मिनिटांत ओठ काळेनिळे पडले, दात वाजायला लागले. आणि कोरडे कपडे? ते सगळे जीपमध्ये, जीपला कुलूप, आणि किल्ली घेऊन ड्रायव्हर चहाला गेलेला. दोष आमचाच. चौदा शहाण्या बायका, पण पाण्यात उतरताना बाहेर येण्याचा विचार एकीनेही केला नव्हता. शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजींनी स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी काढून आत्यांभोवती गुंडाळली. तासाभराने आत्या सावरल्या. परत आल्यावर आमच्या गावच्या आरोग्यसेविकाताईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या होत्या.

पहिली गोष्ट चक्कर. आपलं अंग सदतीस अंशांचं. कुंडातलं पाणी चाळीस-एकेचाळीस असलं तरी ते अंगाला उष्णता देतच राहतं, आणि पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता पोचवतं. एरवी गरम झालं की घाम येतो आणि घाम वाळला की गार वाटतं. पाण्याखाली घाम वाळणार कुठून? मग अंग थंड करायला रक्त कातडीकडे धावतं, कातडीतल्या नसा सैल पडतात आणि बीपी उतरतं. पाण्यात बसून असेपर्यंत ते कळत नाही. ताडकन उठलं की रक्त पायात उतरतं आणि डोक्याला कमी पडतं. त्यात पोट रिकामं, वरून बीपीची गोळी. याचा अर्थ गोळी सोडा असा मुळीच नाही, अर्धा तास बसू नका असा आहे.

दुसरी गोष्ट थंडी, आणि ती पाण्यात नव्हती, ओल्या साडीत होती. आपला माठ आठवा. माठाला बाहेरून पाझर फुटतो, त्या पाण्याची वाफ होते आणि ती होताना आतल्या पाण्याची उष्णता ओढून नेते. वाटीभर गार पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. चुलीवर ती लाकूड देतं, अंगावर ती आपलं रक्त देतं. ओली साडी नेसून वाऱ्यात उभी असलेली बाई म्हणजे चालता-बोलता माठ. त्यात गरम पाण्याने कातडीतल्या नसा उघडलेल्या, म्हणजे आतली ऊब आपणच दारात आणून ठेवलेली. वारा ती घेऊन जातो.

इथे एक गोष्ट स्पष्टच बोलते. पुरुष टॉवेल गुंडाळून उतरतात, दोन मिनिटांत अंग पुसून सदरा चढवतात. आपण नऊ वार किंवा सहा वार कापड भिजवून वर येतो आणि आडोसा शोधत फिरतो. तीर्थावर बायकांना थंडी जास्त का बाधते, याचं कारण आपल्या अंगात नाही, कपडे बदलायच्या जागेत आहे. म्हणून सगळी तयारी पाण्यात उतरायच्या आधी करायची. साडीऐवजी पातळ गाऊन किंवा छातीपर्यंत बांधलेला परकर, जो लगेच उतरवता येतो. कोरडे कपडे एका पिशवीत, जे आधी घालायचं ते सगळ्यात वर. ती पिशवी कुंडाच्या काठावर, न उतरणाऱ्या एका बाईच्या हातात. मग दोघींनी साडीचा पडदा धरायचा आणि तिसरीने त्याआड बदलायचं. आमच्या गटात आता हे इतकं अंगवळणी पडलंय की पडदा कुणी धरायचा हे सांगावं लागत नाही. वर आल्याबरोबर आधी ओलं काढायचं, मग पुसायचं. ओल्यावर शाल पांघरली तर शालही ओली होते आणि आपण गारच राहतो. घोंगडीची गोष्ट थोडी वेगळी. लोकर दमट झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. धनगर पावसातही घोंगडी सोडत नाहीत ते उगाच नाही. त्या आजींनी आत्यांना सुती चादर दिली असती तर इतक्या लवकर फरक पडला नसता.

चपला काठावरच काढा, लांब नको. पहाटेचा दगड तळव्यातून ऊब ओढतो. आणि डोकं. डोक्यातून अंगाची निम्मी उष्णता जाते असं ऐकायला मिळतं, ते खरं नाही. मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण दहावा हिस्सा, उष्णताही जवळपास त्याच हिशेबाने जाते. पण कुंडात बसलेलं असताना बाहेर वाऱ्यात असतं ते डोकंच, आणि बायकांचे लांब केस तासन् तास वाळत नाहीत. तीर्थावर आलो आणि डोक्यावरून पाणी घेतलं नाही तर कसं, असं आत्या म्हणतात. आमची तडजोड अशी की ओंजळभर पाणी कपाळाला आणि भांगाला लावायचं. देवाची काही तक्रार अजून आलेली नाही.

किती वेळ बसायचं? जपानमध्ये गरम पाण्याचे झरे भरपूर आणि हिवाळ्यात टबात बसायची सवय घरोघर. तिथे थंडीच्या दिवसांत आंघोळीच्या वेळी दरवर्षी हजारो म्हातारी माणसं दगावतात. म्हणून तिथलं सरकार सांगतं की पाणी एकेचाळीस अंशांच्या आत ठेवा, दहा मिनिटांच्या वर बसू नका, हळू उठा आणि कपडे काढायची खोली आधी गरम करा. आपल्याकडे कुंडावर कोण अंश मोजणार? बाळाला न्हाऊ घालताना करतो तसं कोपर बुडवून बघायचं. कोपराला चटका बसला तर अंगाला नको. काही झऱ्यांचं मूळ पाणी तर अंगावर घेण्यासारखं नसतंच. शुगर असलेल्यांच्या पायाला कधीकधी चटका कळत नाही, त्यांनी पायाने अंदाज घेऊ नये. गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गरम कुंडात बसू नये, पाय धुवावेत आणि यावं. उपवास असेल तर आधी गूळ-शेंगदाणे, केळं, काहीतरी खाऊन पाणी प्यावं. उठताना आधी काठावर बसायचं, पाय पाण्यातच ठेवून दोन मिनिटं, मग उभं राहायचं. रिसॉर्टमध्ये उघड्यावर हॉट टब असतात, त्यांनाही हेच लागू.

वर आल्यावर शेकोटीपाशी जायचा मोह होतो. जा, पण सिंथेटिक साडीचा पदर खोचून. तो पेटला की वितळून कातडीला चिकटतो.

आता कुंडावरून आपल्या अंगणात येऊ. उनकेश्वरला आपण वर्षातून एकदा जाणार, न्हाणीत रोज. गावात संडास झाले, पण कित्येक घरांत न्हाणी म्हणजे चार खांब, जुन्या साड्यांचा आडोसा आणि वर आभाळ. सकाळी नऊला ऊन अंगणात येतं, तेव्हा आंघोळ केली तर थंडीचा प्रश्नच नाही. पण नऊला रस्त्यावर माणसं असतात, म्हणून बाई पाचला अंधारात आंघोळ करते, नेमक्या दिवसातल्या सगळ्यात गार वेळी. आत्यांच्या प्रसंगानंतर मी गटाच्या बैठकीत न्हाणीला पत्रे आणि दार लावायला कर्ज द्यायचं सुचवलं. वाद झाला. “शेळीला कर्ज दिलं तर शेळी दूध देते, न्हाणी काय देणार?” एकीचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. शेवटी तिघींना थोडं थोडं दिलं, हप्ते सगळ्यांचे वेळेवर आले. ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी निदान वाऱ्याच्या बाजूला, आपल्याकडे थंडीत तो बहुतेक उत्तरेकडून येतो, ताडपत्री घट्ट बांधावी आणि खाली फळी किंवा पोतं टाकावं.

एक मात्र करू नका. ऊब हवी म्हणून बंद न्हाणीत किंवा बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी हवीच. त्यातून जो कार्बन मोनॉक्साइड वायू होतो त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोप आल्यासारखा होतो आणि उठत नाही.

आत्या यंदाही माहूरला निघाल्यात. पिशवी त्यांनी कालच भरली, वर घोंगडी बांधली. मला म्हणाल्या, “दहा मिनिटं बसणार मी, पुरी दहा. मधी हाक मारायची नाही.” जीपची किल्ली माझ्याकडे राहील, हे ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलंय.