ताप आला म्हणून डोस चुकवू नका

दिवाळी सरली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातली माणसे कोयता घेऊन उसाच्या फडावर निघतात. अशाच एका वस्तीत रविवारची वंदना आटोपून आम्ही घरोघर फिरत होतो. ओसरीवर एक भगिनी अडीच महिन्यांचे बाळ घेऊन बसली होती. बुधवारी उपकेंद्रात डोस होता, पण जायचे नाही असे घरात ठरले होते.

सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, मागच्या बारीला लेकरू रातभर रडलं. मांडी दगडावानी झाली. शुक्रवारी गाडी येनार. तापलेलं लेकरू फडावर कसं सांभाळावं?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अशा माउलीला अडाणी म्हणून हिणवणे सोपे, पण तिची अडचण खरी आहे. तेव्हा उपाय काय, ते पाहू.

दीड महिन्याला बाळाला तीन सुया टोचतात, अडीच महिन्याला मात्र एकच. ती पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब जंतूचा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून बाळाला जपते. लस टोचली की शरीर जंतूंशी लढायची तयारी करते, म्हणून एक-दोन दिवस ताप, सूज, किरकिर होते.

सुई टोचताना बाळाला पाळण्यात किंवा टेबलावर ठेवू नका. आईने कुशीत घ्यावे, टोचण्याआधीपासून पाजत राहावे. अंगावरचे दूध आणि आईची ऊब यांनी वेदना कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली हेच सांगितले आहे. मोठ्या मुलाला "दुखणारच नाही" असे खोटे सांगू नये. "थोडे दुखेल, मी जवळ आहे" असे सांगावे. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे.

घरी आल्यावर टोचलेली जागा चोळू नका. चुना, बिब्बा, हळद काही लावू नका. स्वच्छ फडके गार पाण्यात भिजवून, पिळून सुजेवर ठेवा. ताप आल्यास अंगावर पातळ कपडे ठेवा, वरचेवर पाजा. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनाप्रमाणे, सिस्टर सांगतील तेवढेच द्यावे. दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर हवे. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा अंदाजाने देऊ नये. ॲस्पिरिन तर मुळीच नको.

बीसीजीची गोष्ट वेगळी. काही आठवड्यांनी दंडावर फोड येतो, फुटतो, वण राहतो. त्याला औषध लागत नाही. गोवराच्या लसीचा ताप किंवा पुरळ आठवडाभराने दिसू शकते.

मात्र झटके आले, श्वास लागला, तोंड सुजले, बाळ एकदम मलूल पडले, तीन तासांहून अधिक सारखे रडले, ताप दोन दिवसांत उतरला नाही किंवा जागेवर पू झाला, तर तडक दवाखाना गाठावा.

फडावर जाणाऱ्यांनी लसीचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावे. जिथे जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढचा डोस मोफत मिळतो. एखादा डोस राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

२०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराने गरिबांचीच लेकरे गेली, हे विसरता येत नाही. बाबासाहेब आणि माता रमाईंना पाच अपत्ये झाली. चार बालपणीच गेली, एकटे यशवंतराव जगले. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. आज आपल्या लेकरांसाठी जी लस गावात येते, ती त्या काळी नव्हती.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण. सासूबाईंनी पारखून घेतले. बुधवारी त्या स्वतः सुनेसोबत उपकेंद्रात गेल्या. रात्री ताप आला, गुरुवारी दुपारपर्यंत उतरला. शुक्रवारी गाडीत बसताना कार्डाची पिशवी त्यांच्याच हातात होती.

जय भीम!