निळी रेषा, लाल रेषा आणि आपलं गाव

जुलै संपत आला आणि पावसानं जोर धरला की हॉस्टेलमधल्या शिरोळ तालुक्यातल्या पोरांचे फोन वाढतात. प्रश्न एकच असतो, "पाणी कुठवर आलं?" पलीकडून येणारं उत्तर मीटरमध्ये नसतं. "मळी बुडाली", "वेशीला लागलं", "देवळाची पायरी गेली" अशी उत्तरं येतात. रूममेट लातूरचा किंवा यवतमाळचा असेल तर त्याला यातलं काही कळत नाही. पण मित्रांनो, नीट बघितलं तर हे लेव्हल रीडिंगच आहे. फक्त स्टाफच्या जागी देवळाची पायरी आहे, एवढंच.

हाच प्रश्न आणखी एका ठिकाणी विचारला जायला हवा : नदीकाठी घर, मंगल कार्यालय, रस्ता किंवा फिरायचा ट्रॅक बांधायचा अर्ज ज्या टेबलावर येतो तिथे. "इथे पाणी कुठवर येतं, आणि तुम्ही बांधल्यावर ते कुठे जाणार?" ही तपासणी कोण करतं, कशी करतं आणि तिच्यात काय निसटतं, ते समजून घेण्यासाठी हा लेख.

शिरोळच का?

नकाशा काढून बघा. कृष्णा सांगलीकडून वारणेचं पाणी घेऊन तालुक्यात उतरते. पश्चिमेकडून पंचगंगा येते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. दक्षिणेला दूधगंगा आहेच. जमीन सपाट, नद्यांना उतार कमी आणि वळणं मोठी. कृष्णा फुगली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि ते मागे चढत जातं. हायड्रॉलिक्सच्या पेपरात आपण 'बॅकवॉटर' वर पाच मार्कांची टीप लिहितो. कुरुंदवाड, शिरढोण, शिरोळच्या माणसांनी ती टीप आयुष्यभर अनुभवलेली असते.

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. तिथे २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि २०२१ ला ५६ फुटांच्या. त्याआधी २००५ चा महापूर होताच. २०१९ ला तालुक्यातल्या कितीतरी गावांची बेटं झाली होती. माणसं, जनावरं, धान्य सगळं हलवावं लागलं.

पुराचं हे पाणी पसरतं त्या जागेला आपण मळी म्हणतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ती गाळाची सुपीक जमीन, पक्ष्यांच्या दृष्टीनं पाणथळ आणि आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत ती पुराची साठवण. पाणी तिथे पसरतं, संथ होतं, गाळ टाकतं आणि सावकाश उतरतं. पसरायला जागा मिळाली नाही तर ते उंच चढतं.

कायदा याला पाणथळ म्हणतो का?

इथे एक गंमत आहे. २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी पाणथळांबाबत आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातली पाणथळाची व्याख्या फार मोठी आहे, तिच्यात नदीसुद्धा बसते. आपल्या राज्यातलं नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये रामसर यादीत आलं, पुढे लोणार आणि ठाण्याची खाडीही आली. मात्र आपल्याकडच्या २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांनी नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले तलाव वगळले आहेत. जे पाणथळ रीतसर अधिसूचित होतं त्याला चांगलं संरक्षण आहे. भराव नाही, कचरा नाही आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीचा धक्का सोडून कायमचं बांधकाम नाही.

पण शिरोळची मळी ही नदीच्या काठची, बहुतेक खाजगी मालकीची, सातबारावर ऊस असलेली जमीन. तिला राखणारा नियम पाणथळाच्या वहीत सापडत नाही. तो सापडतो पूररेषेत. म्हणून ही रेषा नीट समजून घ्यायला हवी.

दोन रेषा

पूररेषा जलसंपदा विभाग आखून देतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पाणी, यांपैकी जे जास्त असेल त्याची हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा भाग निषिद्ध क्षेत्र आणि निळ्यापासून लालपर्यंतचा नियंत्रित क्षेत्र.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार निळ्या रेषेच्या आत बाग, मोकळं मैदान, उघडा भाजीबाजार, पार्किंग, स्मशानभूमी, पाइपलाइन असे वापर चालतात, नवी इमारत चालत नाही. आधीच्या अधिकृत घराची पुनर्बांधणी करता येते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यातल्या बांधकामालाही हीच उंची लागते.

'२५ वर्षांतून एकदा' या शब्दांनी फार लोक फसतात. "२०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत काळजी नाही," असं त्याचा अर्थ मुळीच नाही. दरवर्षी तो पूर येण्याची शक्यता ४ टक्के, एवढाच अर्थ. कॅल्क्युलेटर घ्या. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता निघते १ वजा ०.९६ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे ७१ टक्के. लाल रेषेचा पूर घराच्या ५० वर्षांच्या आयुष्यात येण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के. शिवाय ही आकडेमोड मागच्या नोंदींवर चालते. पाऊसमान बदललं किंवा नदीकाठ बदलला, तर जुनी रेषाही जुनीच ठरते.

अर्ज कुठे जातो?

जयसिंगपूर, कुरुंदवाड, शिरोळ इथे नगरपरिषदा आहेत. तिथे बांधकाम परवानगी १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली नगरपरिषद देते. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा संबंध येतो. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीवर बांधायचं तर महसूल खातं आणि नगररचना विभाग. म्हणजे नदी एकच, पूर एकच, पण टेबलं तीन. पूररेषेचा नकाशा असतो चौथ्या खात्याकडे.

नियोजन प्राधिकरणानं ६० दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद कायद्यात आहे. पण बांधकाम नियमात बसत असेल तरच. साहेबांनी फाइल दाबून ठेवली म्हणून निळी रेषा मागे सरकत नाही.

सामान्य माणसाला या सगळ्यात शिरायचा एक हक्काचा दरवाजा आहे, तो म्हणजे हरकती व सूचना. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की त्यावर लेखी हरकत घेता येते, नियोजन समितीपुढे सुनावणी मागता येते. ही मुदत थोड्या दिवसांची असते. नोटीस कचेरीच्या फलकावर आणि पेपरच्या आतल्या पानावर लागते आणि आपण नेमकी तीच पानं वाचत नाही.

एका प्लॉटचा हिशेब

आता तपासणीत काय बघायचं ते एका उदाहरणानं पाहू. समजा, पूरक्षेत्रात एक एकराचा प्लॉट आहे. मालक म्हणतो, "मी दीड मीटर मुरूम टाकून उंच करतो, मग माझ्याकडे पाणी येणार नाही." खरं आहे, त्याच्याकडे येणार नाही. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौ. मी., गुणिले १.५, म्हणजे जवळजवळ ६०७० घनमीटर. लिटरमध्ये साठ लाख. दहा हजार लिटरचे सहाशे टँकर ! हे पाणी आता शेजाऱ्याच्या गोठ्यात जाणार.

एका प्लॉटनं नदीला फारसा फरक पडत नाही, हेही खरं. अडचण तिथेच आहे. प्रत्येक अर्ज एकेकटा येतो, एकेकटा तपासला जातो आणि एकेकटा निरुपद्रवी दिसतो. पन्नास अर्जांची बेरीज कुठल्याच फाइलमध्ये नसते. २०१९ च्या महापुरानंतर शासनानं नेमलेल्या वडनेरे समितीनं पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवलं. ही अतिक्रमणं एका रात्रीत झालेली नाहीत.

रस्ता हा घरापेक्षा अवघड

इमारत दिसते म्हणून तिच्यावर चर्चा होते. रस्ता किंवा ट्रॅक आडवा असतो म्हणून निसटतो. "नुसता फिरायचा रस्ता आहे, त्यात काय तपासायचं?" असं कुणीही म्हणेल. पण पुराच्या पाण्याच्या दृष्टीनं घर हा एक दगड, तर भरावावरचा रस्ता हा बंधारा.

पुन्हा उदाहरण घेऊ. पूर मैदानावर ५०० मीटर रुंदीत, २ मीटर खोलीनं, सेकंदाला ०.३ मीटर वेगानं वाहतोय. प्रवाह झाला सेकंदाला ३०० घनमीटर. त्याला आडवा २ मीटर उंचीचा भराव टाकून वर छान ट्रॅक केला, झाडं लावली, बाकं ठेवली. पाण्यासाठी खाली १ मीटर व्यासाच्या पाइपच्या मोऱ्या ठेवल्या. एका पाइपचं क्षेत्रफळ ०.७८५ चौ. मी., वेग २ मीटर धरला तर त्यातून जेमतेम १.५७ घनमीटर पाणी जातं. म्हणजे १९० च्या वर पाइप लागतील. प्रत्यक्षात किती टाकले जातील ? जे पाणी जाऊ शकत नाही ते मागे चढतं आणि वरच्या गावाच्या पायऱ्या बुडवतं. म्हणूनच सांगली-कोल्हापूर भागात नद्यांजवळ भरावाचे रस्ते नकोत, खांबांवरचे पूल हवेत, अशी मागणी लोक करत आले आहेत. ती विकासाला विरोध म्हणून उडवून देण्यासारखी नाही, ती साधी सांतत्य समीकरणाची मागणी आहे.

पुण्यात हे प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं. विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या काठानं महापालिका रस्ता करत होती, तो निळ्या रेषेच्या आत येत होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये तो शक्य तितका निळ्या रेषेकडे सरकवायला आणि उरलेला भाग खांबांवर घ्यायला सांगितलं. हेच प्रश्न डिझाइनच्या टेबलावर विचारले असते तर कोर्टाचा खर्च तरी वाचला असता.

याचा अर्थ नदीकाठी फिरायचंच नाही असा नाही. जमिनीच्या पातळीवरची, भराव नसलेली, पाणी मुरू देणारी, पूर आला की निमूटपणे बुडणारी आणि उतरला की धुऊन घेता येणारी पायवाट करता येते. तपासणीत एवढंच विचारायचं : वाटेची पातळी किती आणि बाजूच्या जमिनीची किती?

वाडीचं शहाणपण

याचं उत्तम उदाहरण आपल्या घरातच आहे. नरसोबाच्या वाडीला दत्तमंदिर नदीच्या अगदी काठावर. दर पावसाळ्यात पाणी मंदिरात येतं, पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याला स्नानासाठी माणसं गर्दी करतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. पाण्याला यायला वाट आहे, जायलाही वाट आहे, आणि ते आल्यावर काय करायचं हेही ठरलेलं आहे. पूररेषेचा नियम आपल्याला याहून वेगळं काही सांगत नाही.

दुसरी बाजू

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. नियम सांगणं सोपं आहे. ज्याची सगळी इस्टेट म्हणजे निळ्या रेषेच्या आतला दीड गुंठा, त्यानं काय करायचं ? लाल रेषेच्या वर घर उचलायचं म्हणजे खांबांचा खर्च आला. दुसरीकडे जागा घ्यायची तर दर परवडत नाहीत. पैसेवाला भराव टाकतो आणि त्याचं पाणी गरिबाच्या घरात जातं, हा खरा अन्याय. त्यामुळे तपासणी कडक हवीच, पण तिच्याबरोबर उंचावरची गावठाणं वाढवणं आणि पुनर्वसन हेही हवं. नाहीतर रेषा नकाशावर राहते आणि माणूस पाण्यात.

आपण काय करू शकतो ?

"आमच्या ग्रामपंचायतीचं कोण ऐकतंय ?" असं म्हणणाऱ्यांनी हेरवाड आठवावं. याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. गावाच्या ठरावात दम असतो. मग "गावच्या शिवारात भराव टाकण्याआधी पाण्याची वाट दाखवा" असा ठराव का होऊ नये ?

सिव्हिलच्या पोरांना तर यात हातभर काम आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा कॉलेजचं ऑटो लेव्हल मागून घ्या, सर नाही म्हणणार नाहीत. आजीला विचारा २००५ ला पाणी कुठवर होतं, वडिलांना २०१९ चं विचारा, २०२१ चं तुम्हाला स्वतःला आठवत असेल. त्या खुणा जवळच्या बेंचमार्कला जोडून एका कागदावर मांडा आणि ग्रामसभेत द्या. पुढच्या वेळी एखादा अर्ज येईल तेव्हा टेबलावर तो कागद असेल.

पाणी कुठवर येतं हे आपल्या गावात सगळ्यांना माहीत आहे. ते फक्त फाइलमध्ये लिहिलेलं नाही.