दहाव्या माणसाची वाट

वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक दाणा सोलत बसायचं. बिरडं हे कोकणातल्या बायकांचं सवडीचं काम. अलिबाग, पेण, रोह्याकडच्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या घरांत मात्र या बिरड्याच्या नावाचा एक दिवसच होता, बिरड्याचा सण. नाव सणाचं, पण दिवस सुतकाचा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या तिथीचा उपास, आणि त्याला जोडून वालाचं बिरडं. मंदिर कोणी पाडलं, ते पुन्हा उभं राहील, विखुरलेली लेकरं घरी परततील हे वचन देवाने कुणाच्या तोंडून दिलं, हे सांगणारा ग्रंथ या घरांत कित्येक पिढ्या नव्हता. बिरडं तेवढं होतं.

त्यांची परंपरागत कथा अशी, की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या बुडाल्या. इतिहासकार या कथेवर अजून वाद घालतात, तो त्यांना घालू द्यावा. पुढचं मात्र नोंदलेलं आहे. ही मंडळी मराठी बोलू लागली, तेलाचे घाणे चालवू लागली, गावांवरून केहीमकर, दिवेकर, पेणकर, झिराडकर झाली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. मुलाची सुंता आठव्या दिवशी. हिब्रू सगळी विसरली, उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना. देव एकच आहे असं सांगणारी. बारसं असो, लग्न असो की मयत, तीच म्हणायची.

डेव्हिड राहाबी नावाचा एक जाणता यहुदी कोकणात आला आणि त्याने या लोकांची परीक्षा घेतली, अशी आठवण सांगतात. त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी टाकली. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे एका बाजूला केले, बाकीचे आपण खात नाही म्हणून दूर सारले. नियम कुठे लिहिलाय ते त्यांना ठाऊक नव्हतं, सासूने सांगितलं होतं एवढंच. मला ही गोष्ट धर्मशास्त्राच्या कितीतरी पानांहून बोलकी वाटते. श्रद्धा त्या बायकांच्या बोटांत होती.

ग्रंथ परत मिळाला तो गमतीदार वाटेने. कोचीनहून यहुदी शिक्षक आले, आणि मुंबईत ख्रिस्ती मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी पुस्तकं घेतली, शाळेत पोरं घातली आणि बहुतेक सगळे होते तिथेच राहिले, उलट अधिक पक्के यहुदी झाले! देवाने अब्राहामाला दिलेलं भूमीचं वचन त्यांनी मराठीत वाचलं. पुढे तर चिपळ्या-झांजांच्या साथीने अब्राहाम आणि योसेफ यांची आख्यानं लावणारी कीर्तनं सुरू झाली.

आणि मग १८९७. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पहिली झायनिस्ट काँग्रेस भरली. यहुद्यांना त्यांची भूमी परत मिळवून द्यायची, असा तिचा विषय. मुंबईच्या बेने इस्राएलांना निमंत्रण होतं. त्यांनी ते नाकारलं. परत नेणार तो देवाचा हात, ठराव आणि वर्गण्या नव्हेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आज कुणाला हे भाबडं वाटेल. पण ज्यांनी इतकी शतकं थांबून दाखवलं होतं, त्यांना घाई करणाऱ्यांचं नवल वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

पन्नास वर्षांत मन बदललं. १९४८ साली इस्राएल झालं तेव्हा भारतात सुमारे २० हजार बेने इस्राएल होते. इथे त्यांचा छळ कधीच झाला नव्हता. तरीही कुटुंबामागून कुटुंब निघालं, कारण पुढे वचनाची भूमी होती. तिथे मिळाली बीरशेबाच्या वाळवंटाकडची वस्ती, न कळणारी भाषा आणि रंगावरून हेटाळणी. रेशनचा पाव वाटतानाही कातडी पाहतात, अशी तक्रार होती. १९५१ मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं: आम्हाला परत पाठवा! पुढच्या वर्षी काही कुटुंबं खरंच भारतात परतली. यातल्या बऱ्याच जणांनी नंतर पुन्हा इस्राएलला जाण्यासाठी अर्ज केले. याला धरसोड म्हणणं सोपं आहे. मला तो रुसवा वाटतो, आणि रुसवा आपल्या माणसावरच धरतात.

याहून जिव्हारी लागलं ते पुढचं. १९६० नंतर तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासायचा फतवा काढला. तुम्ही खरे यहुदी कशावरून? मासळी निवडणाऱ्या बायकांच्या नाती-पणतींना हा प्रश्न! १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं बजावलं आणि फतव्यातला त्यांच्या नावाचा उल्लेख गेला.

या सगळ्यात मलिदा सुटला नाही. परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, एलियाहू हनाबीच्या नावाने. मसिहा येण्याआधी हा संदेष्टा येणार, ही यहुद्यांची श्रद्धा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा दाखवतात. तिथे आजही माणसं मलिदा घेऊन जातात. लोद आणि दिमोना या इस्राएली गावांतही पोहे भिजतात.

कोकणातली सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांची प्रार्थनाघरं, मात्र आता बहुतेक वेळ कुलूपबंद असतात. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. सणाच्या दिवशी दार उघडतं, दिवे लागतात, मुंबई-ठाण्याहून मंडळी येतात. नऊ जमले तर बाकावर बसून राहायचं. फाटकाशी रिक्षा थांबली की सगळ्यांच्या माना वळतात.