लोकांचा शब्द, लोकांवरचा ठपका

सुशिक्षित मराठी घरांत ‘व्हल्गर’ हा इंग्रजी शब्द आता परका राहिलेला नाही. लग्नातली पैशाची उधळपट्टी व्हल्गर, चित्रपटातले गाणे व्हल्गर, पंगतीत मोठ्याने ढेकर देणारा पाहुणा व्हल्गर आणि शेजाऱ्याच्या घराचा भडक रंगही व्हल्गरच. या चारही ठिकाणी दोष मात्र एकच नाही. पहिल्यात संपत्तीचे प्रदर्शन खटकते, दुसऱ्यात शरीराचे. तिसऱ्यात शिष्टाचाराचा अभाव जाणवतो आणि चौथ्यात केवळ आपल्या आवडीशी न जुळणारी दुसऱ्याची आवड. इतक्या वेगवेगळ्या तक्रारींना एकच शब्द पुरतो, याचे कारण त्या शब्दाच्या इतिहासात आहे. आणि तो इतिहास अभिरुचीपेक्षा सामाजिक अंतराचा अधिक आहे.

लॅटिन भाषेत ‘व्हुल्गुस’ म्हणजे सामान्य जनता. रोमन उच्चभ्रूंच्या तोंडी त्याला तुच्छतेची छटा होती हे खरे. पण त्यावरून बनलेल्या विशेषणाचा सरळ अर्थ ‘सर्वसामान्यांचे, प्रचारातले’ एवढाच होता. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने बायबलचे लॅटिन भाषांतर हाती घेतले. ते पुढे पश्चिम युरोपात सर्वत्र रूढ झाले, म्हणून त्याला ‘व्हल्गेट’ हे नाव मिळाले. रोमन साम्राज्यातल्या सर्वसामान्यांच्या बोलीला भाषाशास्त्रज्ञ आजही ‘व्हल्गर लॅटिन’ म्हणतात. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आणि रुमानियन या भाषा सिसेरोच्या घोटीव गद्यातून नव्हे, तर त्या बोलीतून जन्मल्या. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी दान्तेने लोकभाषेची थोरवी सांगणारा ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातही हाच शब्द आहे. त्याच्या थोडेच आधी, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला होता. दोघांच्याही दृष्टीने लोकांची भाषा ही लाज वाटण्याची गोष्ट नव्हती.

हा निर्मळ अर्थ इंग्रजीतून पुरता गेलेला नाही. लिनीअसने १७५३ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा बीट आणि श्रावणघेवडा या दोघांच्याही नावापुढे ‘व्हल्गारिस’ हे विशेषण लावले. त्यांत घेवड्याची निंदा नाही. तो सर्वत्र आढळणारा, एवढेच त्याचे म्हणणे. गणितातल्या ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ला मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘व्यवहारी अपूर्णांक’ म्हटले, ते अगदी मर्म ओळखून. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात बालकाला धर्मवचने ‘व्हल्गर’ भाषेत शिकवावीत अशी सूचना आहे. ती भाषा म्हणजे शिवराळ भाषा नव्हे, तर घरात बोलली जाणारी इंग्रजी.

परंतु त्याच सतराव्या शतकात या शब्दाला असंस्कृत, ओबडधोबड, हलक्या अभिरुचीचा असा अर्थ चिकटू लागला होता. ‘लोकांचे’ आणि ‘वाईट’ यांतले अंतर कोणी ठराव करून मिटवले नाही. ज्यांना लोकांपासून वेगळे दिसायचे होते, त्यांच्या बोलण्यातून ते मिटत गेले. पुढे व्यापार आणि कारखानदारी यांतून नवे धनिक निर्माण झाले. त्यांच्याकडे पैसा होता, म्हणून त्यांना गरीब म्हणता येईना. तेव्हा त्यांना व्हल्गर म्हणण्यात आले. जनसामान्यांचा वाचक असलेला शब्द अशा रीतीने लक्षाधीशांवर उलटला. मार्क्सने तर तो अर्थशास्त्रज्ञांवरच रोखला: केवळ पृष्ठभागावर दिसणाऱ्या व्यवहारांची मांडणी करणाऱ्यांना त्याने ‘व्हल्गर’ अर्थशास्त्रज्ञांच्या कोटीत बसवले. लक्ष्य बदलत गेले; वरून खाली पाहण्याची दृष्टी मात्र कायम राहिली.

आपल्याकडेही याहून वेगळे घडलेले नाही. ‘ग्राम्य’ म्हणजे गावचा. संस्कृत काव्यशास्त्राने तो काव्यातला एक दोष मानला. केवळ सामान्य लोकांच्याच वापरातला शब्द म्हणजे ग्राम्य शब्द, अशी त्याची व्याख्या झाली. मात्र मम्मटासारख्या शास्त्रकाराने एक विवेक जपला. त्याने दोषांच्या यादीत ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ यांना वेगवेगळी स्थाने दिली. लज्जा, किळस किंवा अमंगलाची भावना उत्पन्न करणारे ते अश्लील. जे गावंढळ ते अश्लीलच असे त्याने म्हटले नाही.

आजचे मराठी लेखन हा विवेक सहज विसरते आणि ‘व्हल्गर’चे भाषांतर बिनदिक्कत ‘अश्लील’ असे करते. ही केवळ कोशातली चूक नाही, कारण अश्लीलता हा कायद्याने गुन्हा आहे आणि अभिरुचीहीनता नाही. समरेश बसू यांची ‘प्रजापती’ ही बंगाली कादंबरी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. खालच्या न्यायालयात लेखक दोषी ठरला, उच्च न्यायालयानेही ते मान्य केले. अखेर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. व्हल्गर लेखनाने किळस येईल, कंटाळाही येईल. पण तेवढ्याने वाचकाची नीती भ्रष्ट होत नाही, म्हणून व्हल्गर ते सर्व अश्लील नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. त्याआधी १९६९ मध्ये चंद्रकांत काकोडकर यांच्या दिवाळी अंकातील मराठी कथेलाही याच न्यायालयाने अश्लीलतेच्या आरोपातून मुक्त केले होते. शिव्यांनी भरलेल्या ‘कॉलेज रोमान्स’ या वेब मालिकेच्या प्रकरणात २०२४ मध्ये न्यायालयाला हाच भेद पुन्हा सांगावा लागला. एका शब्दाची दोन अर्थांत गल्लत झाली, की माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात किती वर्षे उभे राहावे लागते, याचा ‘प्रजापती’ हा दाखला आहे.

याचा अर्थ अभिरुचीचा आग्रहच सोडावा असा नाही. वाईट गाण्याला वाईट म्हणण्याचा आणि लग्नातल्या उधळपट्टीला नावे ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्यासाठी मराठीत शब्दांचे दारिद्र्यही नाही. भडक, बटबटीत, सवंग, उथळ, उर्मट, बीभत्स, ओंगळ यांतला प्रत्येक शब्द दोष नेमका कोठे आहे ते दाखवतो आणि म्हणून त्याला उत्तरही देता येते. ‘व्हल्गर’ला उत्तर देता येत नाही, कारण तो दोष सांगत नाही, पायरी सांगतो. शेजाऱ्याच्या भिंतीचा रंग डोळ्यांना खुपत असेल तर तो भडक आहे असे म्हणावे. शेजारीच खुपत असेल, तर त्याचा दोष रंगाला देऊ नये.