आज बायपासवर काय आहे?

मैत्रिणींनो, आपल्या डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. एवढ्या मोठ्या बॉयलरमधलं पाणी फार खाली गेलं तर नळ्या तापून फुटतात. म्हणून अशा बॉयलरवर पाण्याची पातळी बहुधा तीन उपकरणं मोजतात. त्यातल्या दोघांनी ‘पाणी कमी’ म्हटलं, की माणसाची वाट न पाहता इंधन बंद होतं.

पण ही यंत्रणा एरवी गप्प असते, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. बिघडली तरी कळत नाही. म्हणून ठरावीक मुदतीने ती मुद्दाम तपासावी लागते. नुसता दिवा लागून भागत नाही. इंधन खरोखर थांबतं का, ते बघायचं.

दुरुस्तीपुरती ती बाजूला ठेवली, की त्याला ‘बायपास’ म्हणतात. आम्हाला धास्ती त्याचीच, कारण दोन तासांचा बायपास दोन महिने राहतो. भोपाळला डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढलेली होती.

तलासरी-डहाणूहून बोईसरच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या बहिणींनो, कामाला लागण्याआधी विचारा: आज बायपासवर काय आहे? कुणाच्या सहीने? कधीपर्यंत? हे लेखी हवं आणि शिफ्ट बदलताना पुढच्यांना सांगायलाच हवं.