राणीच्या पाठीवरचा ठिपका

मरोळ-मरोशी रस्त्यालगतच्या एखाद्या उंच इमारतीला आग्या मोहोळ लागलं की सोसायटीत एकच धावपळ उडते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, हंगामानुसार मुक्काम हलवते आणि काही केल्या पेटीत नांदत नाही. पेटीत नांदते ती सातेरी, ढोलीत आणि कपारीत, अंधारात पोळी बांधणारी. तिची राणी माणसाने निवडून कशी वाढवायची, याचा महाराष्ट्रातला मागोवा मरोळात बसून घ्यायला मला संकोच वाटत नाही. देशातल्या मधमाशीपालनाची सूत्रं जिथून हलली, ते खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय विलेपार्ल्यात इर्ला रोडवर, म्हणजे आमच्या शेजारीच आहे.

राणी तयार करण्याची रीत तशी जुनी. अमेरिकेत जी. एम. डूलिटल यांनी १८८९ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं आणि जगभरचे मधपाळ आजही थोड्याफार फरकाने त्याच वाटेने जातात. आपल्याकडे महाबळेश्वरात १९४६ पासून मधाचं संघटित काम उभं राहिलं. जांभूळ, हिरडा, गेळा आणि आठ वर्षांनी फुलणारी कारवी यांच्या फुलोऱ्यावर मधपाळांची कुटुंबं तगली. पुण्यात डॉ. जी. बी. देवडीकर आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये सातेरीच्या गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६२ मध्ये पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. पुढे पोलंडचे येर्झी वोइके यांनी भारतात राहून सातेरी राणीच्या नैसर्गिक आणि कृत्रिम रेतनावर काम केलं. ते १९७५ मध्ये छापून आलं. म्हणजे विद्या आपल्या दारात आली होती.

मधपाळाच्या हाती मात्र ती फारशी पोचली नाही. आपल्याकडे वसाहत वाढवायची म्हणजे जंगलातून पकडून आणायची, ही चाल पडली ती पडलीच. तिचा तोटा मला फार मोठा वाटतो. सतत घर सोडून उडणारी वसाहत सहज हाती लागते. शांत, टिकाऊ, भरपूर मध साठवणारी ढोलीतच राहते. निवड झाली, पण उलटी.

उत्तरेत १९६०च्या दशकात वेगळं घडलं. डॉ. ए. एस. अटवाल आणि सहकाऱ्यांनी परदेशी मेलिफेराच्या राण्या देशी माश्यांच्या वसाहतीत रुजवून दाखवल्या आणि त्यातून पंजाब-हिमाचलात मेलिफेराचं पालन पसरलं. तिथे राणी तयार करणं हा धंद्याचाच भाग झाला.

प्रत्यक्ष काम नाजूक आहे, अवघड नाही. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात; फरक घराचा आणि खाण्याचा. निवडलेल्या वसाहतीतली, अंड्यातून निघून एक दिवसही न झालेली अळी बारीक सुईने उचलायची आणि मेणाच्या छोट्या वाटीत ठेवायची. अशा वाट्यांची चौकट राणी काढून घेतलेल्या दणकट वसाहतीला दिली की दाई माश्या त्या अळ्यांना राजान्न भरवू लागतात. अंडं घातल्यापासून साधारण सोळा दिवसांत राणी बाहेर येते. त्याआधीच प्रत्येक राणीघर वेगळ्या छोट्या पेटीत लावायचं, नाहीतर पहिली बाहेर पडलेली बाकीच्यांना नांगी मारून संपवते.

ती उडून फळून आली, अंडी घालू लागली की मग ठिपका. सातेरीची राणी काळपट आणि चपळ. चौकट उचलताच गर्दीत नाहीशी होते. तिला अंगठा आणि तर्जनीने छातीच्या दोन बाजूंनी धरायचं, पोटाला दाब लागू द्यायचा नाही. छातीच्या पाठीवर, पंखांच्या मुळांमध्ये, लवकर वाळणाऱ्या रंगाचा एकच थेंब. डोळ्यांवर, मिशांवर ओघळ नको. रंग वाळेपर्यंत थांबायचं, मग चौकटीवर सोडून पाहत राहायचं, कारण अनोळखी वास आला तर कामकरी तिलाच गराडा घालतात. हात बसवायचा तर आधी नरांवर सराव करावा. त्यांना नांगी नसते.

रंगही ठरलेले आहेत. सालाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. ठिपका पाहताच राणीचं वय कळतं, आणि ठिपक्याची राणी जाऊन बिनठिपक्याची दिसली तर वसाहतीने राणी बदलली हेही कळतं. नोंद नसेल तर निवड कशाच्या जोरावर करणार?

१९९१ च्या सुमारास दक्षिणेत थाई सॅकब्रूड रोगाने सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला. त्यातून तगलेल्या वसाहतींपासून पुढची पैदास करणं किती मोलाचं, हे तेव्हा कळायला हवं होतं. २०१७ मध्ये आयोगाचं हनी मिशन आलं, २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलं. पेट्या वाटल्या गेल्या, नाव झालं. हे चांगलंच झालं. पण माझ्या मते पेटीइतकीच राणीही वाटायला हवी, त्याच डोंगरातली, निवडलेली आणि खूण केलेली.

ज्यांच्याकडे दोन-चार पेट्या आहेत त्यांनी येत्या हंगामात निदान आपल्या सगळ्यात चांगल्या वसाहतीच्या राणीला ठिपका द्यावा आणि तिची तारीख वहीत लिहावी, एवढी विनंती. २०२५ चा रंग निळा, २०२६ चा पांढरा.