ऑर्वेल यांच्या कादंबरीतील निषिद्ध अन्न

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तिची चर्चा बहुधा अहोरात्र पाळत ठेवणारी सत्ता आणि भाषेची काटछाट यांपाशीच थांबते. तीतील माणसे काय खातात व पितात, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कादंबरी लिहिली जात असता ब्रिटनमध्ये शिधावाटप चालूच होते. युद्धकाळात मोकळा मिळणारा पावदेखील १९४६ ते १९४८ या काळात मापून मिळे. ही टंचाई ऑर्वेल यांनी उचलली, पण तिला निराळेच रूप दिले. त्यांच्या राज्यात चॉकलेटचा शिधा तिसावरून वीस ग्रॅमवर उतरतो, आणि तो वीसपर्यंत ‘वाढविला’ म्हणून लोक लगेच आभार मानतात. तुलनेसाठी आठवणच उरू दिलेली नाही.

ही आठवण परत आणते ती चव. पहिल्या एकान्तभेटीत ज्यूलिया विन्स्टनला अस्सल चॉकलेट देते आणि त्याच्या मनात काही अस्पष्ट हलते. पुढे उलगडा होतो: बाळपणी त्याने आजारी बहिणीच्या हातचा चॉकलेटचा तुकडा हिसकावून पळ काढला होता. आईजवळ देण्यासारखे काही उरले नव्हते. तिने मुलीला नुसते कुशीत घेतले. आमच्या मते कादंबरीचे मर्म या प्रसंगात आहे, राजकीय प्रवचनांची पाने (ती थोडी नाहीत!) त्यापुढे फिकी वाटतात.

जुन्या वस्तूंच्या दुकानावरील खोलीत ज्यूलिया साखर, पांढरा पाव, मुरंबा व खरी कॉफी आणते. या वस्तू नष्ट झालेल्या नाहीत. पक्षाच्या वरिष्ठ वर्तुळात त्या सुखेनैव मिळतात. म्हणजे बंदी वस्तूवर नसून इतरांनी तिची इच्छा धरण्यावर आहे. म्हणूनच कॉफीचा दरवळ बाहेर जाऊ नये यासाठी त्या दोघांना खिडकी लावून घ्यावी लागते. त्यांचा प्रणय आणि ती साखर ही एकाच गुन्ह्याची दोन अंगे होत.

अखेरीस छळातून बाहेर पडलेला विन्स्टन उपाहारगृहात बसलेला दिसतो. न मागताच वाढपी येऊन त्याचा पेला सरकारी जिनने भरतो आणि तीत लवंगेच्या वासाचे सॅकरिन टाकतो. विन्स्टन ते पितो.